निळ्या गाडीवरचा डाग

यासीनचाचा मला कधी फोन करत नसत. काही निरोप असला तर तो त्यांच्या मुलाच्या, जुनैदच्या तोंडून यायचा. त्यामुळे जूनमधल्या त्या सकाळी हजेरी घेताना मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा मी हजेरी अर्ध्यावर सोडली. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात आलो. फोनच्या पलीकडे हॉस्पिटलातला गलबला ऐकू येत होता. चाचा म्हणाले, "मास्तर, जुनैद गेला रे. तू ये..." शाळा नुकतीच सुरू झाली होती, पोरांच्या नव्या वह्यांना अजून कव्हरं चढायची होती. मी हजेरीपट मुख्याध्यापकांच्या हाती दिला आणि संगमेश्वरहून मिळाली ती एसटी पकडली. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा जनाजा निघायच्या बेतात होता. मी खांदा दिला, इतरांचं बघून मूठमूठ माती दिली आणि घरी आल्यावर त्याच्या खोलीच्या दाराशी थांबलो. आत टीव्हीखाली त्याचा व्हिडिओ गेम तसाच होता, शेजारी दोन रिमोट. एक त्याचा, अंगठ्याखालचं रबर झिजलेला. दुसरा माझा.

मी खेड्यातला मुलगा. वडील चिऱ्याच्या खाणीत काम करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आमच्या बौद्धवाडीतूनही फार कुणी नाही. रत्नागिरीच्या कॉलेजात आलो तेव्हा वर्गात काय बोलावं हे कळायचं नाही म्हणून मी शेवटच्या बाकावर बसत असे, आणि जुनैद तिथेच बसे, कारण त्याला झोपायचं असायचं. पहाटे वडिलांबरोबर बंदरावर मासळी उतरवून तो कॉलेजात यायचा. एके दिवशी तो मला घरी जेवायला घेऊन गेला. त्याच्या आईनं, चाचीनं, मी कुठला, कुणाचा, काही विचारलं नाही. तिखट चालतं ना, एवढंच विचारलं. मी जेवायला बसलो आणि मासळी गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा ओला कागद सवयीनं वाचू लागलो. ते बघून यासीनचाचांनी मला मास्तर म्हणायला सुरुवात केली. मी खरोखरच मास्तर झालो त्याच्या कितीतरी आधी. माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की लोक माझ्या आईवडिलांचं नाव घेतात, ते योग्यच आहे. पण मी पदवीपर्यंत टिकलो तो त्या घरातल्या जेवणावर आणि त्या हाकेवर.

चाचांची स्वतःची बोट होती, 'समीना'. निळी, कडेनं पिवळा पट्टा आणि नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हिरवं निशाण. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मला बोटीवर घेतलं आणि बंदराच्या तोंडापर्यंत सुकाणू माझ्या हाती दिलं. जुनैद मागे बसून ओरडत होता, की बाबा, याला पुस्तकातलं पाणी माहीत आहे, हे खरं आहे, आपटवील. तो स्वतः तेव्हा कॉलेज सोडून बसला होता. पुढे तो मस्कतला एका गोदामात कामाला गेला. काही वर्षांनी परत आला तो सुजलेले पाय आणि निकामी होत चाललेल्या किडन्या घेऊन. बॅगेत कपड्यांच्या घड्यांत लपेटून हा गेम आणला होता.

ज्यांनी असला गेम पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्यातलं जग पुढच्या काळातलं आहे. माणसं पृथ्वी सोडून दुसरीकडे राहायला गेली आहेत आणि त्यांची खेळणी मागे राहिली आहेत. रिकाम्या घरांतून, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरून, हौदांच्या कडांवरून आणि गॅलऱ्यांमधून त्या खेळण्यांच्या शर्यती चालतात. आपली गाडी आपणच जुळवायची. दोऱ्याच्या रिळाची चाकं लावा, काडेपेटीचा टप लावा, रंग भरा, चित्रं काढा. वर शस्त्रं बसवायची. गोट्या मारणारी तोफ, लोहचुंबकाचा गळ, समोरच्याला गरगर फिरवणारा भोवरा. मी सगळी शस्त्रं लावायचो. जुनैद एकच लावायचा... जाळं. पुढे निघून जायचं आणि मागच्यावर जाळं टाकायचं. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्याला जरा बरं वाटायचं. तो दिवस रविवारी आला की मी संगमेश्वरहून जायचो आणि आम्ही दुपारभर खेळायचो. माझी गाडी जाळ्यात तडफडू लागली की तो पलंगावर टेकून शांतपणे विचारायचा, "काय मास्तर, आज बांगडा की पापलेट?" मी म्हणायचो, एकदा तरी मागे राहून खेळ. तो म्हणायचा, मागे राहायला तू आहेस ना.

त्याच्या उपचारांसाठी 'समीना' विकली गेली. तिचा विषय त्या घरात कुणी काढत नसे. चाचा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून जाऊ लागले. घेणाऱ्यानं ती दूरच्या बंदराला नेली, फळ्या बदलल्या, लाल रंग दिला, असं नंतर कानावर आलं. त्या सुमारास जुनैद बरेच दिवस शर्यत खेळेना. मी गेलो की टीव्हीवर गेममधलं गॅरेज, म्हणजे गाडी सजवायची जागा, उघडं असायचं आणि तो रंग जुळवत बसलेला. एका रविवारी त्यानं आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. पडद्यावर गाडी होती, पण ती 'समीना' होती. निळी, पिवळा पट्टा, पुढे हिरवं निशाण, खाली रिळाची चाकं. चाचांना त्या गेमचा राग होता. पोरगा आजारी आणि खेळण्यात रमतो, असं ते चाचीजवळ बोलायचे. त्या दिवशी ते उभ्यानंच बघत राहिले. मग टीव्हीच्या अगदी जवळ गेले. जेट्टीला घासून 'समीना'च्या नाळेला एका बाजूनं पोचा आला होता आणि तिथलं लाकूड काळं पडलं होतं. चाचांनी तिथे दर वर्षी रंग दिला तरी तो डाग खालून वर यायचाच. जुनैदनं तोही काढला होता.

"डाग पण काढलास?" चाचांनी विचारलं.

"काढला नसता, तर ती तुमची कशी झाली असती?"

चाचा बाहेर गेले. नंतर चाचीनं सांगितलं, ते मागच्या दारी जाळ्याजवळ बराच वेळ बसले होते आणि जाळं विणत नव्हते.

आमची शेवटची भेट मे महिन्याच्या अखेरीची. जुनैदला रिमोट जड वाटू लागला होता. आम्ही एकच शर्यत केली, तीही त्यानं जिंकली, पण जाळं टाकलं नाही. मी का म्हणून विचारलं, तर बोट उगाच कशाला हलवायची, असं काहीतरी पुटपुटला. निघताना मला म्हणाला, "बाबांना ती चालवायला शिकव. त्यांना वाटतं बटणं मोडतील. मी सांगून ऐकत नाहीत, तुझं ऐकतील." मी हो म्हणालो. माझ्याकडून त्यानं काही मागितलं ते तेवढंच, आणि ते कठीण नव्हतं.

पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद असते. नौका वर ओढून नारळाच्या झापांनी, ताडपत्रीनं शाकारतात आणि इंजिनं खोलतात. भाग न् भाग रॉकेलनं धुऊन, वंगण घालून परत बसवायचा, म्हणजे नव्या हंगामात यंत्र नव्यासारखं सुरू होतं. चाचांनी हे जन्मभर केलं आहे. त्यांच्या घरात पंखासुद्धा या दिवसांत खाली उतरतो. चाळिसावं झालं आणि मी शब्द दिल्याप्रमाणे त्यांना शिकवायला गेलो. चाचा माझी वाटच बघत होते. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. टीव्हीखालचा गेम चकचकीत दिसत होता. चाचीनं त्याला बोटीच्या ताडपत्रीतून एक टोपडं शिवलं होतं, ते चाचांनी अलगद काढलं. म्हणाले, "सर्व्हिसिंग करून आणला. खाऱ्या हवेनं आतून खराब झाला असता. माणसाला सांगितलं, सगळा खोल, साफ कर, नव्यासारखा करून दे."

मी बटण दाबलं. भाषा कोणती हवी, असा प्रश्न आला. हा प्रश्न फक्त पहिल्यांदा येतो. पुढे गेलो, गॅरेज उघडलं. आत एक राखाडी गाडी होती, सगळ्यांना सुरुवातीला मिळते ती. ना रंग, ना नाव. जुनैदनं गेम कधी इंटरनेटला जोडला नव्हता. जे होतं ते त्या पेटीतच होतं, आणि दुकानदारानं सांगितलेलं काम चोख केलं होतं.

चाचा पडद्याकडे बघत होते. "आपली कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. दुसऱ्या बंदराला गेली आहे, असं काहीतरी. पण ते माझ्याकडे मास्तर म्हणून बघत होते. मी सांगितलं, चाचा, ती पुसली गेली. आता ती कुठेच नाही. त्यांना समजायला वेळ लागला. मग ते फार हळू म्हणाले, "मीच सांगितलं व्हतं... नव्यासारखा कर." चाची दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

थोड्या वेळानं चाचांनी विचारलं, परत करता येईल का. मी म्हटलं, करू. गेले काही रविवार आम्ही तेच करतो आहोत. चाचा माझ्या शेजारी बसतात, रिमोट धरत नाहीत, तोंडानं सांगतात. निळा जरा उतरव. पट्टा खाली घे. निशाण एवढं मोठं नव्हतं. निळा जमला, पट्टा जमला, नाव लिहिलं. पण डाग जमत नाही. चाचा म्हणतात तो लांबट होता, चाची म्हणते पंज्यासारखा. घरात बोटीचा एकच फोटो आहे, नारळी पौर्णिमेचा, हार घातलेला. तो दुसऱ्या बाजूनं काढलेला. गेल्या रविवारी चाचांनी मला विचारलं, "तू तर दर खेपेला बघत व्हतास मास्तर. तुला आठवत असंल."

मी डोळे मिटून खूप प्रयत्न केला. मला आठवते ती गाडीची मागची बाजू. निळी फळी, तिच्यावरचं नाव, आणि तिथून सुटून माझ्या अंगावर येणारं जाळं. तेवढंच. कारण तो कायम पुढे असायचा आणि मी कायम मागे. डाग पुढच्या टोकाला होता.

बंदी उठली आहे, ट्रॉलर बाहेर पडल्या आहेत, चाचाही जातात. गेमवर टोपडं असतं. रविवारी ते काढलं की गॅरेजात ती स्वच्छ, कोरी, निळी गाडी उभी दिसते. शर्यतीसाठी ती बाहेर काढू का, असं मी एकदा विचारलं. चाचांनी मान हलवली. ही 'समीना' नाय, म्हणाले. झिजलेल्या रबराचा रिमोट मांडीवर उलटा धरून ते बसून राहतात, आणि मी डाग काढतो, त्यांना दाखवतो, ते नाय म्हणतात, मी पुसतो...