तीन फेरे

मिस्त्रींनी चाळीस वर्षं गॅरेजात चाकं बसवली. त्यांचा नेम एकच, चाकाचा नट बोल्टवर निदान सहा फेरे चढला पाहिजे. स्वतः मोजल्याशिवाय त्यांनी एकही गाडी बाहेर सोडली नाही.

आपला जुना पिकअप त्यांनी जावयाला वापरायला दिला होता. आज जावई त्याला रुंद, चकचकीत नवी चाकं लावून दारात आला. लेक शेजारी बसली होती.

“मामा, गाडी कशी दिसते?”

“म्हातारीला लाली फासल्यासारखी.”

टायर मडगार्डला घासून रबराचा काळा भुगा पत्र्याला चिकटला होता. मिस्त्रींना शिसारी आली. पाना आणून त्यांनी एक नट सोडवला. तिसऱ्याच फेऱ्याला तो हातात आला. चाक जाड, बोल्ट मात्र तेच जुने, आखूड.

“दुकानदार म्हणाला, चालतं.”

“निखळेपर्यंत सगळंच चालतं, जावईबापू. तुम्ही मोजलंत?”

“एवढं कोण मोजत बसतं?”

लेक उतरली. बापाच्या हातातला पाना घेऊन दुसऱ्या चाकाशी उकिडवी बसली आणि तिने नट फिरवला.

“इथंही तीनच, बाबा.” मग ती नवऱ्याकडे वळली. “जुनी चाकं कुठायत?”

“भंगारवाल्याला दिली. सकाळीच.”

मिस्त्री गटारात थुंकले. लेकीने केबिनमधली आपली पिशवी काढून बापाच्या घराच्या पायरीवर ठेवली.

“जा, परत घेऊन या,” ती म्हणाली. “आणि चालत जा.”