बुश हवा असेल तर फोटो चालत नाही

मंडळी, बाबांची कित्येक वर्षं बंद पडलेली मोटरसायकल मी घरीच खोलून परत जोडतेय. किकचा शाफ्ट ज्यात फिरतो, तो छोटा पितळी बुश झिजलाय आणि नवा कुठल्याच दुकानात मिळेना.

म्हणून आज सकाळी कसबा पेठेतल्या एका लेथवाल्या काकांना मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला.

"गाडी फोटोतच चालवायची आहे का?"

मग पर्समधून जुना बुश काढून दिला. काकांनी तो बोटात फिरवला आणि परत केला. "हा झिजलाय. याच्या मापाने केला तर नवासुद्धा झिजलेलाच होईल. हा ज्यात बसतो आणि यात जे फिरतं, ते दोन्ही आणा."

घरी आले. शाफ्ट आणि इंजिनचं जड कव्हर जुन्या चादरीत बांधलं आणि पुन्हा निघाले.

"मॅडम, काय आहे यात?" रिक्षावाल्याने विचारलं.

"मोटरसायकल."

"अख्खी?"

"आज एवढीच."

संध्याकाळी काकांनी करून दिलेला नवा बुश बसवला. शाफ्ट आता जराही खुळखुळत नाही.

आता टाकीखाली बसणारा पेट्रोलचा कॉक शोधतेय. कुणाला माहितीये कुठे मिळेल? फोटो टाकत नाहीये. कुठे यायचं तेवढं सांगा, टाकी घेऊन येते.