खिडकीतल्या बाईचं वाक्य

आमच्या मैसूरच्या मराठी मंडळाला गणपतीत समतेवर नाटक बसवायचं होतं, आणि अध्यक्षांसाठी पहिल्या रांगेत मधोमध सोफा टाकायचा होता. दोन्ही ठराव एकाच बैठकीत एकमतानं मंजूर झाले.

अध्यक्ष म्हणजे बेळगोळच्या कारखान्यातून निवृत्त झालेले बडे साहेब. अख्ख्या गल्लीत टीव्ही काय तो त्यांच्याकडे. रविवारी संध्याकाळी सगळे तिथे लोटायचे. ऑफिसवाल्यांना खुर्च्या, आम्हा शिंपीकामवाल्या घरांना सतरंजी, आणि उशिरा येणाऱ्यांना बाहेरून खिडकी. माझी आत्या दिवसभर ब्लाउजांना हुक लावून यायची, त्यामुळे तिच्या वाट्याला कायम खिडकीच. मध्येच अध्यक्षांना वारा लागायचा आणि ते ओरडायचे, "खिडकी लावा रे कोणीतरी!" की धाडकन खिडकी बंद. आत टीव्हीवर मंत्री सांगत असायचे, देशात आता सगळे समान.

मी तेव्हा शाळेत नवी मास्तरीण, अंगात मस्ती भरपूर. हे सगळं मी तस्संच नाटकात घातलं. लाकडी चौकटीत बसलेला मंत्री, खुर्च्यांवरची माणसं, आणि खिडकीतली एक बाई. बाईला एकच वाक्य होतं, ते आत्याला दिलं. अय्यो, काय तिची तयारी! हुक लावताना पुटपुटायची, चपात्या लाटताना पुटपुटायची. पन्नाशी उलटलेली बाई, जन्मात एकदा तिला स्टेजवर उभं राहायचं होतं.

तालीम बघून अध्यक्ष खूश झाले. मंत्र्यांची छान जिरवलीत म्हणाले. फक्त ती खिडकीतली बाई तेवढी काढा, आपल्या लोकांत असलं काही नसतं, उगीच बघणाऱ्यांचा गैरसमज होतो. हॉल त्यांच्याच वशिल्यानं मिळालेला, तेव्हा कमिटीनं नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मी खूप तणतणले. आत्या एवढंच म्हणाली, "सुम्ने राहा गं, गप बस," आणि खाली मान घालून हुक लावायला बसली. मला तिच्याकडे बघवेना.

नाटकाच्या दिवशी हॉल खच्चून भरला. आत्या कुठे दिसेना. स्टेजवर मंत्र्यानं भाषण सुरू केलं, आणि हॉलच्या खऱ्याखुऱ्या खिडकीतून खणखणीत आवाज आला,

"साहेब, जरा सरका की. आम्हाला मंत्री दिसत नाहीत."

गजांना धरून आत्या उभी होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. अध्यक्षांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. सवयीनं ओरडले, "खिडकी लावा रे कोणीतरी!"

आणि कमिटीतल्या एकानं उठून खरंच लावली.

हॉल हसून हसून लोळला. बाहेरच्या पाहुण्यांना वाटलं, नाटकातलंच आहे. आमच्या गल्लीला काय ते कळलं, म्हणून ती जास्तच हसली. अध्यक्ष आधी गोंधळले, मग टाळ्या थांबेनात म्हटल्यावर उठून त्यांनी चारी दिशांना नमस्कार केला. पाहुण्यांनी उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस त्यांनाच दिलं.

घरी येताना माझा नुसता जळफळाट चालला होता. आत्या मात्र मजेत होती.

"मिळू दे गं," ती म्हणाली. "माझी तालीम महिनाभराची. त्यांची दर रविवारची."