जळलेल्या गवतातली चिमणी

रात्सलाफच्या कुरणाचं तिसरं फाटक लावून घेतलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. दोघी पहाटेपासून चालत होत्या. आर्डिथच्या डोक्यात मात्र मघापासून एकच गोष्ट फिरत होती. काटेरी तारेवर नाकतोडी चिमणी बसून गात होती, आणि एल्फ्रीडा तिच्या पुढ्यातून सरळ निघून गेली होती.

नाकतोडी म्हणजे गवतात राहणारी मूठभर तपकिरी चिमणी. तिचा आवाज इतका बारीक, की नवख्याला गवतात नाकतोडा किरकिरतोय असंच वाटावं. पण एल्फ्रीडा उनरू नवखी नव्हती. कॅन्सासच्या या टेकड्यांत कान म्हटलं की लोक तिचंच नाव घेत. आर्डिथनेच मग मागून हाक मारली होती, "फ्रीडी, तारेवर नाकतोडी आहे बघ."

"हो गं, ऐकली की. धर ती," एल्फ्रीडा वळूनही न बघता म्हणाली होती.

आर्डिथने नोंद केली, पण पेन्सिल खिशात ठेवताना ती थबकली. एल्फ्रीडा आणि दुसऱ्याने सांगितलेला पक्षी धरते? आजवर असं कधी झालं नव्हतं. आजवर आर्डिथ वेडेलने तोंड उघडावं, तोवर एल्फ्रीडाचं बोट वर झालेलं असायचं.

दोघी नॉयफेल्ड गावच्याच. एकाच मेनोनाइट पंथाच्या चर्चच्या, एकाच रविवारच्या शाळेतल्या, आणि आता दोघीही नवऱ्यामागे राहिलेल्या. एल्फ्रीडाने जन्मभर शाळेची बस चालवली. पाणथळीजवळ खडीचा रस्ता वळतो तिथे ती इंजिन बंद करायची आणि पोरांना म्हणायची, "गप्प बसा आणि सांगा, कोण बोलतंय." पोरं गप्प बसायची. ती पोरं आता मोठी झाली, गुरांची कुरणं त्यांच्या ताब्यात आली, आणि मैलोन् मैल खाजगी असलेल्या या मुलुखात एल्फ्रीडासाठी कुठलंही फाटक उघडं असायचं. रात्सलाफ, कोएन, श्रॅग, कुणाच्याही दारात ती जाई आणि म्हणे, "आत जाऊ ना रे?" आणि तो बाप्या टोपी काढून म्हणे, "विचारता काय, मिसेस उनरू."

आर्डिथ धान्याच्या कोठारावर कारकून होती. तिलाही पक्ष्यांचं वेड तितकंच. गावच्या साप्ताहिकात पक्ष्यांवर ती दर आठवड्याला लिहायची, आणि नेटकं लिहायची. तरी दुकानात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "छान लिहिलंयस. एल्फ्रीडाला दाखवलं होतंस का?" ते ऐकून आर्डिथ हसायची. घरी जाऊन भांडी जरा जोरात घासायची.

एकदा दोघींचे नवरे होते तेव्हा चौघं मिळून राज्याच्या पार पश्चिमेला गेले होते. तिकडे आपल्यासारखं कमरेइतकं गवत नाही. वाळू, करडी झुडपं आणि कोरडं वारं. वाटेत मधल्या खारट दलदलीवर थांबले, तर चिखलात हजारो पाणलावे, सगळे एका साच्यातले. आर्डिथ दुर्बीण लावून पायांचा रंग, चोचीचा बाक बघत एकेक वेगळा काढत होती. एल्फ्रीडा गाडीच्या बॉनेटला टेकून डोळे मिटून उभी होती. "यात दोन वेगळे आहेत, उजवीकडे," ती म्हणाली. होतेच. पुढे वाळूत तर गाडी थांबायच्या आधीच तिने झुडपातला पक्षी सांगितला. आर्डिथ त्या दिवशी परतीच्या सगळ्या वाटेवर खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. नवऱ्याने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

चर्चमध्येही तेच. त्यांच्या चर्चला वाद्य नाही, चार आवाजांत नुसत्या गळ्याने गातात. गाण्याआधी पहिला सूर एल्फ्रीडा धरून द्यायची. आर्डिथ दोन बाकं मागे बसायची आणि तो सूर घ्यायची. किती रविवार तिने मान खाली घालून देवाला म्हटलं होतं, हे माझ्यातून काढून टाक. देवाने काढलं नाही. कधीकधी थोडा वेळ झाकून ठेवायचा, इतकंच.

आज ते झाकण उडालं होतं.

मे महिन्यातली ही पक्ष्यांची मोजणी जोडीजोडीने करायची. नियम साधा होता. पक्षी दोघींनी पाहिलेला नाहीतर दोघींनी ऐकलेला हवा, तरच तो धरायचा. संध्याकाळी चर्चच्या तळघरात सगळे जमायचे, जेवायचे, आणि जोडीजोडीने उभं राहून वाचून दाखवायचं. मग जूनमधल्या फेरीला पुढे कोण चालणार ते ठरायचं. ठरायचं कसलं, सगळ्यांच्या माना एल्फ्रीडाकडे वळायच्या. गावातली पोरंसोरं, म्हातारेकोतारे तिच्या मागे चालायचे, आणि आर्डिथ सगळ्यात शेवटी, फाटकं लावत. आज तळघरात उभं राहून कुणी एक वाक्य बोललं, की एल्फ्रीडाला ऐकू येत नाही, तर त्या माना कुणाकडे वळतील हे आर्डिथला नीट माहीत होतं.

फक्त खात्री हवी होती.

ओढ्याकाठच्या झाडीत शिरल्यावर एल्फ्रीडा पुन्हा पूर्वीची झाली. "बेलचा व्हिरिओ. रानटी प्लमच्या झुडपात. बडबड्या मेला," ती म्हणाली. पुढे कोकीळ ऐकला, सुतार ऐकला. माळावर पुन्हा आल्या तर मेडोलार्क, डिकसिसल, उंचावरून शीळ घालणारा माळपाणलावा, सगळे तिने आर्डिथच्या आधी सांगितले. आर्डिथचं मन खट्टू झालं. मग तिच्या लक्षात आलं, हे सगळे जाड गळ्याचे. बारीक आवाजाचा एकही नाही.

कुरणाची शेवटची चढण आली. मधून तारेचं कुंपण, दोन्हीकडे गवत. इथे हेन्स्लोची चिमणी मिळायची. तिचं गाणं म्हणजे गाणंही नाही, एक बारीकशी उचकी. तेवढ्यासाठी ती सगळं अंग मागे टाकते. वारा पडला होता. आर्डिथ थांबली. कान दिला. काही नव्हतं.

"हेन्स्लो," ती म्हणाली. "डावीकडे. आत्ता बोलली."

एल्फ्रीडा थांबली. नेहमीसारखे डोळे मिटले, मान थोडी कलती केली. देवळात उभं राहावं तशी उभी राहायची ती अशा वेळी. आर्डिथला तिची ती मान, तो मिटलेला चेहरा वर्षानुवर्षं पाठ होता, आणि वर्षानुवर्षं तो तिला सोसवत नव्हता.

"हं," एल्फ्रीडा म्हणाली. "आहे. धर ती."

आर्डिथने धरली. नाव नेहमीपेक्षा ठळक अक्षरांत लिहिलं. आता सगळं तिच्या हातात होतं. चढण चढताना तिला पाय हलके वाटत होते. तळघरात काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. हळू आवाजात सांगायचं, काळजीच्या सुरात. फ्रीडीला त्रास होऊ नये म्हणून सांगतेय असं. पुढे चाललेली एल्फ्रीडा मध्येच एकदा थांबली, खाली वाकली, गवताच्या बुडाशी बोटं घालून पाहिलं, बोटं पँटला पुसली आणि चालू लागली. आर्डिथने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

वर गुरांच्या तळ्याशी एकच कॉटनवुडचं झाड होतं. त्याच्या सावलीत दोघी बसल्या. एल्फ्रीडाने डबा उघडला. डोक्यावर डोकं ठेवल्यासारखे जोडपाव, आत हॅम, आणि बरणीत मूस, म्हणजे चेरीची घट्ट खीर. दोघींनी मान खाली घालून प्रार्थना केली. एल्फ्रीडाची जरा लांबली.

"घे," ती म्हणाली. "हॅम जाड कापलंय. तुझं नेहमीचं आहे ना, फ्रीडी कंजूष आहे म्हणून."

"मी कधी म्हटलं?"

"आमच्या लिंडाच्या लग्नात. मागच्या टेबलावर." एल्फ्रीडाने पाव मोडला. "तेव्हा कान शाबूत होते माझे."

आर्डिथने हातातला पाव खाली ठेवला. एल्फ्रीडा तळ्याकडे बघत होती. काठावर टिटवीसारखा एक किलडिअर धावत होता, ओरडत होता.

"याला ऐकते मी," ती म्हणाली. "याला बहिराही ऐकेल. माणसांचं बोलणं ऐकते, चर्चमधला सूर ऐकते. वरच्या पट्टीतले बारीक आवाजच गेले. आधी झाडाच्या टोकावरचे गेले, मागच्या वर्षी नाकतोडी गेली. यंदा वाटलं, बहुतेक आल्याच नाहीत. असं वाटून घ्यायला बरं असतं."

"फ्रीडी, अगं मग मघाशी हेन्स्लोला तू..."

"तेच विचारायचं होतं तुला." तिचा आवाज चढला नाही. "डावीकडे म्हणालीस ना तू?"

"हो."

"डावी बाजू एप्रिलमध्ये जाळलीय रात्सलाफने. चर्चच्या अंगणात सांगत होता, यंदा कुंपणाच्या डावीकडचीच जाळली, गुरांना कोवळं मिळावं म्हणून. वरून हिरवं दिसतं, पण बुडाशी बघ, काळं आहे. जुनी काडी एक नाही. आणि हेन्स्लोला जुनं वाळकं गवतच लागतं. जळलेल्या रानात ती पाय ठेवत नाही. हे तूच लिहिलं होतंस पेपरात."

आर्डिथने लिहिलं होतं, आणि छान लिहिलं होतं. तिने मान वळवून खालच्या चढणीकडे पाहिलं. इथून आता सरळ दिसत होतं. कुंपणाच्या उजवीकडे हिरव्यात मागच्या वर्षीची तांबूस काडी उभी होती. डावीकडे नुसता पोपटी रंग, नवा, सपाट. घाईत तिने बघितलंच नव्हतं. तिला फक्त एक बाजू सांगायची होती.

"मला चढताना कळलं," एल्फ्रीडा म्हणाली. "बोटाला काजळी लागली तेव्हा."

आर्डिथला वाटलं आता ही रडेल, नाहीतर ओरडेल. दोन्हीपैकी काहीही झालं असतं तर सोपं झालं असतं.

"मग तू हो का म्हणालीस?" शेवटी आर्डिथच म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून कडक निघाला. "मी चुकले असेन. पण तू ऐकलं नव्हतंस आणि हो म्हणालीस."

"म्हणाले. लाज वाटली ऐकू येत नाही म्हणायची. आणि तू म्हणत होतीस. तू कसलीही असशील, आर्डिथ, पण पक्ष्याच्या बाबतीत तू मला कधी खोटं सांगितलं नव्हतंस. मी म्हटलं, हिने ऐकला म्हणजे आहे."

हे मात्र आर्डिथला अनपेक्षित होतं. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की फ्रीडी तिचं काही धरतच नाही. आणि धरत होती, हे आज कळत होतं, ज्या दिवशी ते गेलं त्या दिवशी. त्यातही तिला वाईट वाटायच्या आधी एक जुनीच कळ उठली. विश्वास टाकणंसुद्धा हिलाच जमावं.

"खोड ती," एल्फ्रीडा म्हणाली. "नाकतोडीपण खोड."

"नाकतोडी खरी होती."

"तू ऐकलीस. मी नाही. नियम दोघींचा आहे."

आर्डिथने दोन्हीवर रेघ मारली. एल्फ्रीडा बघत नव्हती, बरणीचं झाकण लावत होती.

"संध्याकाळी मीच सांगेन," ती म्हणाली. "तळघरात उभी राहून. फ्रीडी बहिरी झाली म्हणून हसतील थोडं. रात्सलाफ म्हणेल, मग आता फाटक उघडायला नाही म्हटलं तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. हसू देत. जूनच्या फेरीला पुढे तू चाल. मी फाटकं लावीन."

हेच हवं होतं. इतकी वर्षं हेच, आणि आता ते समोर आलं होतं, दुपारच्या डब्याबरोबर, पावासारखं. आर्डिथ ते हिसकावून घ्यायला निघाली होती आणि फ्रीडीने ते देऊन टाकलं. घेताना गोड लागेल असं काही त्यात उरलंच नव्हतं. लोक उद्याही म्हणतील, बघा, एल्फ्रीडाने स्वतःहून सोडलं. आर्डिथच्या मागे चालताना पोरं आता फाटकापाशीच, एल्फ्रीडाजवळ घुटमळतील.

"नको," आर्डिथ म्हणाली.

"का नको? तुझा जीव किती दिवस यावर आहे ते काय मला माहीत नाही? बसच्या आरशात मागची सगळी पोरं दिसायची मला." एल्फ्रीडा हसली. "तू मागे बसून कसं बघतेस, तेही दिसतं."

आर्डिथचे कान तापले. ती उठली आणि उगाच डबा झाडू लागली. वारा पुन्हा सुटला होता. उजवीकडच्या, न जळलेल्या गवतातून, अगदी जवळून, एक बारीकशी उचकी आली. पुन्हा आली. आर्डिथचे हात थांबले. एल्फ्रीडा पाठीमागे हात टेकून तळ्याकडे बघत बसली होती, चेहरा शांत, काही न ऐकल्याचा.

आर्डिथला क्षणभर वाटलं, सांगू नये. हा एक तरी आपला एकटीचा असू दे. ती तशीच उभी राहिली. उचकी तिसऱ्यांदा आली.

"फ्रीडी," ती म्हणाली. "हेन्स्लो आहे. उजवीकडे. खरी."

एल्फ्रीडाने डोळे मिटले नाहीत. तिने नुसतं आर्डिथच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, नवऱ्याची, मेनोची, जुनी दुर्बीण गळ्यातून वर केली आणि गवताकडे तोंड केलं.

"दिसत नाही मला. कुठल्या काडीवर?"

"त्या वाकलेल्या काडीच्या डावीकडे. नाही, खाली. अगं आणखी खाली."

दुर्बीण हळूहळू खाली सरकली आणि थांबली. गवताच्या टोकाला ती इवलीशी चिमणी होती. तिने मान मागे टाकली, चोच उघडली, मिटली. एल्फ्रीडा बघत राहिली. तिचे ओठ किंचित हलले, चर्चमध्ये सूर द्यायच्या आधी हलायचे तसे.

"बाहीला हात लाव माझ्या," ती दुर्बीण न काढता म्हणाली. "ती बोलेल तेव्हा. प्रत्येक वेळी. मला चोच दिसते, पण आवाज आला कधी ते कळत नाही. खरी बोलेल तेव्हाच लाव, आर्डिथ. पण तेव्हा मात्र लाव."