मोजणीला आलेले अण्णा

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत भरदिवसाही दिवे बंदच असतात. दुपारचे तीन वाजलेत. पडद्यावर उंदराच्या डोळ्यातल्या मज्जापेशी हिरव्या उजळल्यात, आणि त्यातल्या एकेकीचा धागा मेंदूत कुठवर जातो ते वृषाली जगदाळे माऊस हलवत रेखते आहे. सहा वर्षं ती या एकाच जातीच्या पेशींचा नकाशा करते आहे. या पेशी चित्र दाखवत नाहीत. दिवस आहे की रात्र, एवढंच मेंदूला कळवतात. तिची मान हळूहळू टेबलाकडे झुकते.

"कुठवर आली मोजणी?"

शेजारच्या स्टुलावर तिचे वडील, अण्णा बसलेत. साताऱ्याच्या मोजणी खात्यात उभी नोकरी केलेले, काचबिंदूनं आंधळे होऊन गेल्या वर्षी वारलेले. ते वारलेत हे तिला ठाऊक आहे, आणि त्यांच्या चपलांना ओली माती लागलीय हेही दिसतं आहे.

"अण्णा, तुम्ही आत कसे आलात?"

"बांधाबांधानं."

ते उठतात तेव्हा खोलीला भिंती नाहीत. नांगरलेलं रान आहे आणि ढेकळांखाली हिरवे धागे चमकताहेत. मोजणीच्या साखळीचं एक टोक अण्णांकडे, दुसरं तिच्या हातात. एका धाग्यावरून दोघं चालत राहतात. पुढच्याच पावलाला दवाखान्यातलं बाकडं आहे. इथंच डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन लगेच करू, उरलीय तेवढी नजर तरी टिकेल.

"तू म्हणालीस, थांबा अण्णा," ते सांगतात. "आमच्या कामातून काहीतरी निघतंय म्हणालीस. मी थांबलो."

"मला वाटलं होतं तसं."

"यातून मला दिसलं असतं?"

साखळी तिच्या तळहातात रुतते. "नाही. या पेशी बघण्याच्या नाहीतच. आणि मेलेली पेशी परत उगवत नाही."

"तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"होतं."

अण्णा रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खिशातून काचबिंदूच्या औषधाची बाटली काढतात, बाहुली बारीक करणारं ते. "मान वर कर. एक थेंब उरलाय."

डाव्या डोळ्यात गार थेंब पडतो. रान चहूकडून आक्रसत जातं, चाळणीच्या एका भोकाएवढं उरतं. त्या भोकात अण्णांची पाठ. ती हाक मारते. ते वळत नाहीत.

तंत्रज्ञ सलमा तांबोळी दिवा लावते आणि दारातच थबकते.

"मॅडम, डोळ्याला काय झालं?"

वृषाली बेसिनवरच्या आरशासमोर जाते. उजवी बाहुली नेहमीसारखी आहे. डावी मोहरीएवढी. ती दिवा बंद करते, थांबते, पुन्हा लावते. उजवी लहानमोठी होते. डावी तेवढीच राहते.