परवानगी नाकारली

“हे कापूस पिंजायचं काम नाहीये, मॅडम. हे सॉफ्टवेअर आहे.”

आमच्या टीमचे लीड सर पुण्यातून बोलत होते. मी मलकापुरात, घराच्या पुढच्या खोलीत. माझी स्क्रीन सगळ्या टीमला दिसत होती. तिच्यावर लाल ओळी. अन् कॅमेऱ्यात, माझ्या पाठीमागे, गादीत कापूस भरत बसलेले माझे अब्बा.

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. काहींचे माईक बंद होते, पण दात दिसत होते.

आम्ही पिंजारी. अब्बा गाद्या, रजया भरतात. नेटवर्क फक्त पुढच्या खोलीत येतं, म्हणून माझी नोकरी तिथंच. माझा कॉल असला की अब्बा पिंजायची मशीन बंद ठेवायचे अन् हातानं होईल तेवढं करायचे. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकलं.

ते उठले. कापसाचा ढीग कोपऱ्यात ओढला. हळूच म्हणाले, “बेटा, मी हटतो इथून. माह्यामुळं तुले बोलून राह्यले ते.”

कॉल चालू होता.

काम काय होतं? कंपनीच्या वेबसाइटची एक नक्कल आपल्या लॅपटॉपवर उभी करायची. तिथं मोडा, जोडा, कोणाचं नुकसान नाही. नव्या माणसाचं हे पहिलं काम. ते झाल्याशिवाय पुढचं काहीच सुरू होत नाही. मी सगळं केलं होतं. कोड उतरवला. डेटाबेस टाकला. पण कंपनीच्या आतल्या काही फाइल्स पासवर्डशिवाय उतरत नव्हत्या. तिथं येऊन गाडी थांबायची. लाल ओळ यायची. परवानगी नाकारली.

पासवर्ड लीड सरांकडे होता. मी रोज मागायची. ते म्हणायचे, “सगळ्यांना दिलाय. शोधा.”

माझ्यासोबतच लागलेली सायली पुण्याची. तिला फोन केला.

“अगं, तुला नाही दिला? मला तर मागावासुद्धा लागला नाही. थांब, सरांना विचारते आणि पाठवते हं.”

तिनं विचारलं असेल. पाठवला नाही. नंतर माझा फोनही उचलला नाही.

एकदा कॉलवर घाईत माझ्या तोंडून निघालं, “सर, माह्या लॅपटॉपवर चालून नाही राह्यलं.” ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं टीमच्या ग्रुपवर टाकलं. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यानंतर मी बोलणं कमी केलं. बोलायच्या आधी मनातल्या मनात वाक्य पुण्याच्या मराठीत घोटून घ्यायची. पाठीमागचं सगळं धूसर करायची सोय असते, ती लावली. कोपऱ्यात बसलेले अब्बा एक पांढरा डाग झाले.

“आता कसं प्रोफेशनल वाटतंय,” लीड सर म्हणाले.

मग महिन्याचा आढावा आला. मॅनेजर मॅडम कॉलवर होत्या. माझं नाव निघालं.

“त्या भागातल्या मुलांचं बेसिकच कच्चं असतं,” लीड सर म्हणाले. “साधा सेटअप होत नाहीये.”

त्या भागातल्या. मी तिथंच होते. माझा चेहरा त्यांच्यासमोर होता. अब्बाही ऐकत होते, हातातली सुई थांबली होती. मी माईक सुरू केला. वाक्य घोटलं नाही.

“सर, बेसिकमुळं नाही अडलं. तुम्ही मले पासवर्ड देऊन नाही राह्यले. मी रोज मांगतला. द्यायचा नसंल तर आता सगळ्यांसमोर सांगा, काऊन देत नाही?”

कोणी हसलं नाही.

मॅडम म्हणाल्या, “हे आपण नंतर बोलू.”

नंतर कोणीच बोललं नाही. पासवर्ड मात्र त्याच दुपारी आला. नक्कल लगेच उभी राहिली. स्क्रीनवर कंपनीचं पान उघडलं, स्वच्छ, निळं. मला आनंद झाला नाही. एवढ्यासाठी मला महिनाभर अडाणी ठरवलं होतं.

मी मन लावून काम केलं. तरी प्रोबेशन संपताना मेल आला. कामाबद्दल तक्रार नाही, पण मी टीममध्ये मिसळत नाही. लॅपटॉप परत पाठवा.

अब्बांनीच तो खोक्यात भरला. चिकटपट्टी लावताना विचारलं, “चूप राह्यली असती तर?”

“तर रोज आयकलं असतं, अब्बा. मीनं बी, तुम्हीनं बी.”

ते पट्टीवरून हात फिरवत राहिले.

आता मुलाखती देते. पहिल्याच ठिकाणी विचारलं, आधीची नोकरी का गेली? मैत्रिणी म्हणाल्या होत्या, घरची अडचण सांग. मी झालं ते सांगितलं. समोरच्या बाईंचा चेहरा बदलला. पुन्हा बोलावणं आलं नाही. दुसऱ्या ठिकाणीही तसंच झालं.

सोमवारी आणखी एक मुलाखत आहे. तिथंही विचारतील. तिथंही हेच सांगीन, माझ्याच बोलीत. नोकरी मिळो न मिळो. पासवर्ड अडवणाऱ्या त्या माणसाची अब्रू मी माझ्या तोंडानं झाकणार नाही.