चार दिवस आधीचा निकाल

माझी मुलगी समोर बसून सीताफळ खात होती आणि बिया ताटलीच्या कडेला एकेक मांडत होती. माझ्या हातातल्या मोबाइलवर तिच्या प्रवेशपरीक्षेचे गुण होते. निकाल सगळ्यांना चार दिवसांनी कळणार होता. पण जादा फी भरली की आधी बघता येतो असं दिसलं, आणि मी तिला न विचारता भरून मोकळा झालो. कुकरची वाफ जायच्या आत झाकण ओढणारा माणूस मी. एकदा आमचं वरण छताला लागलं होतं, तरी अक्कल आली नाही.

गुण कमी होते. तिला हवं ते कॉलेज मिळणार नाही, इतके कमी. दुःख आपल्या पायांनी येतंच, मी मात्र पैसे भरून त्याला रिक्षातून घरी आणलं होतं. आणि ही हॉस्टेलवर कुठली उशी न्यायची ते सांगत होती! वाटलं, हिने बोलतच राहावं. थांबली तर माझ्याकडे बघेल.

ती थांबली.

"बाबा, निकाल बघितलास ना?"

"छे गं, क्रिकेटचा स्कोअर बघतोय."

"आज मॅच नाहीये." ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "सांगू नकोस. माझे अजून चार दिवस आहेत."

ती हात धुवायला गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला, आणि उठून तिच्याजवळ जायचं धैर्य मला झालं नाही.